पाण्याचा मीटर आणि जावाची इनपुट स्ट्रीम : गुंडाळणे आणि काम सोपवणे



प्राथमिकच्या बाईंनी जावावर पाठ का लिहावा, असं काहींना वाटेल. आपल्या हाताखालून गेलेली मुलं आता बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंगला आहेत. "फिल्टर इनपुट स्ट्रीम म्हणजे काय" हा प्रश्न ती पाठ करून उत्तरात उतरवतात, पण समजलेलं नसतं. हे मी ठामपणे म्हणते, कारण मीही तसंच केलं होतं आणि त्याचा फटका माझ्याच वर्गातल्या एका मुलीला बसला.

स्नेहसंमेलनाच्या प्रमाणपत्रांवर नावं छापायला मी एक छोटा जावा प्रोग्राम लिहिला होता. 214 मुलांची यादी पेनड्राइव्हवरून यायची होती. आधी एकदा अर्धवट कॉपी झालेली फाइल मिळालेली, म्हणून या वेळी मी किती बाइट वाचले ते मोजणारा एक क्लास मध्ये बसवला. आकडा फाइलच्या आकाराशी जुळला नाही तर छपाई थांबव, असंही लिहिलं. प्रोग्राम चालवला. मोजणी आली शून्य, आणि खाली माझंच वाक्य : "फाइल अपुरी".

मी विश्वास ठेवला. हजेरीपट समोर घेऊन रात्री सगळी नावं पुन्हा टाइप केली. त्यात 'ऋतुजा'चं 'ऋजुता' झालं. दुसऱ्या दिवशी स्टेजवर प्रमाणपत्र घेऊन ती पोर परत माझ्याकडे आली, "बाई, हे माझं नाही." फाइल मात्र पहिल्यापासून धडधाकट होती. चुकला होता माझा मीटर.

आता पाठाकडे वळू.

इनपुट स्ट्रीम म्हणजे डेटाचा नळ समजा. फाइल, मेमरी, नेटवर्क, कुठूनही डेटा येवो, वापरणाऱ्याला एकच तोंड दिसतं : 'रीड' म्हणा, एक बाइट मिळेल. तो 0 ते 255 मधला आकडा असतो. डेटा संपला की -1 मिळतो. हा -1 लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नुसत्या नळाने भागत नाही. कधी मोजणी हवी, कधी साठवण, म्हणजे बफर हवा, कधी दाबून ठेवलेली झिप फाइल उघडून हवी. प्रत्येक गरजेसाठी वारसा घेऊन नवा क्लास करत बसलो तर काय होईल? मुलांकडून फळ्यावर गणित करून घ्या. नळ तीन : फाइल, मेमरी, नेटवर्क. जादा सोयी तीन, आणि प्रत्येक सोय हवी किंवा नको, म्हणजे 2 गुणिले 2 गुणिले 2, आठ प्रकार. तीन नळांना मिळून 24 क्लास. तेच, प्रत्येक सोयीचा एक वेगळा क्लास केला आणि तो हव्या त्या नळावर चढवला, तर तीन अधिक तीन, सहा क्लासमध्ये काम संपतं.

चढवायचा कसा? स्वयंपाकघरातल्या नळाला लावतो तो छोटा फिल्टर आठवा. त्याच्या वरच्या बाजूला नळ बसतो, आणि खालून पाहिलं तर तोही नळच दिसतो. भांडं धरणाऱ्याला फरक कळत नाही. जावात अगदी हेच आहे. फिल्टर इनपुट स्ट्रीम हा क्लास स्वतः इनपुट स्ट्रीमचा वारस आहे, म्हणजे बाहेरून दिसायला नळ. शिवाय त्याच्या पोटात दुसरी एक इनपुट स्ट्रीम असते, ती कन्स्ट्रक्टरमध्ये आपण देतो. त्याला 'रीड' म्हटलं की तो ते काम आतल्या स्ट्रीमला सोपवतो. 'क्लोज' म्हटलं तरी आतल्याला सोपवतो. स्वतः काहीच करत नाही! मग त्याचा उपयोग काय, असं मुलं हमखास विचारतात. उपयोग असा, की आपण त्याचा वारस होऊन फक्त हवी ती एखादी मेथड बदलायची. बाकी सगळं सोपवण्याचं काम आयतं मिळतं.

ही रचना जावात 1996 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या गाजलेल्या पुस्तकात तिला डेकोरेटर म्हटलं आहे. परीक्षेत हे नाव लिहायचं असतं, म्हणून सांगितलं.

माझी ओळ अशी होती. संगणकावर ती रोमन लिपीत असते, इथे देवनागरीत लिहिते :

न्यू बफर्डरीडर(न्यू इनपुटस्ट्रीमरीडर(न्यू मोजणीस्ट्रीम(न्यू फाइलइनपुटस्ट्रीम("नावे.टीएक्सटी")), "यूटीएफ-8"))

ही ओळ आतून बाहेर वाचायची. सगळ्यात आत फाइल, तिच्यावर माझी मोजणी, त्यावर बाइटची अक्षरं करणारा रीडर, आणि सगळ्यात वर ओळीच्या ओळी देणारा बफर.

मधल्या रीडरबद्दल थोडं थांबून सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं. 'ऋतुजा' हे नाव आपली मुलं तीन अक्षरांचं म्हणतील. यूटीएफ-8 मध्ये ते 15 बाइटचं आहे : ऋ, त, उकार, ज आणि काना, अशा पाच खुणा, प्रत्येकी 3 बाइट. एकेक बाइट अक्षर समजून छापला तर कचराच येणार. 'क' चे तीन बाइट आहेत 224, 164 आणि 149. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संचात त्यांचं होतं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए, मग चलनाचं चिन्ह, मग एक जाड ठिपका. ही नक्षी तुम्ही नक्की कुठेतरी पाहिली असेल. जावा 18 पासून, म्हणजे 2022 पासून, काही सांगितलं नाही तरी यूटीएफ-8 धरलं जातं. त्याआधी संगणकाच्या सेटिंगवर सोडलेलं असायचं. शाळेतल्या जुन्या मशीनवर म्हणूनच ते नाव स्पष्ट लिहावं. आणखी एक : हा रीडर फिल्टरच्या जातीचा नाही. त्याच्या एका बाजूला बाइट आणि दुसऱ्या बाजूला अक्षरं असतात. त्याला ॲडॅप्टर म्हणतात. त्याच्यावर पुन्हा बाइटवाला फिल्टर चढत नाही.

आता माझी चूक. मोजणीस्ट्रीम मी फिल्टर इनपुट स्ट्रीमची वारस केली आणि एक बाइट देणारी 'रीड' बदलली : आतल्याकडून बाइट घे, मोजणी एकने वाढव, बाइट परत दे. मला वाटलं झालं.

रविवारी बीसीएला असलेल्या भाचीला व्हिडिओ कॉलवर कोड दाखवला. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हा वाटीचा रीड झाला. बादलीचा कुठे आहे?"

'रीड' नावाच्या मेथड तीन आहेत. एक वाटीची, एका वेळी एक बाइट. दुसरी बादलीची : हा ॲरे घे, या जागेपासून इतके बाइट भर. तिसरीला नुसता ॲरे द्यायचा. इनपुट स्ट्रीम रीडर वाटीने कधी घेतच नाही, तो बादलीच लावतो. मग बादलीची हाक माझ्या मोजणीस्ट्रीमकडे आली. तिथे मी काही लिहिलंच नव्हतं, म्हणून आयती मिळालेली मेथड चालली, आणि तिने ते काम थेट आतल्या फाइलच्या बादलीला सोपवलं. माझ्या वाटीला कोणी हातही लावला नाही. मीटर बसवलेला, पण पाणी शेजारच्या पाइपातून गेलं.

गंमत अशी, की मूळ इनपुट स्ट्रीममधली बादली वाटीनेच भरली जाते. तिथे वाटी बदलली तर बादलीही मोजली जाते. मी तेच डोक्यात ठेवून बसले होते. फिल्टरमध्ये मात्र बादली सरळ आत सोपवतात. सोपवलेलं काम कोणत्या दाराने आत जातं, हे कोड उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. अंदाज चालत नाही.

"मग तिन्ही बदलते," मी म्हटलं. भाची हसली. तिसरी मेथड स्वतःच बादलीच्या मेथडला बोलावते. दोन्हीकडे मोजलं तर आकडा दुप्पट! म्हणून दोनच बदलायच्या, वाटी आणि बादली. बादलीत मोजणी एकने वाढवायची नाही, जितके बाइट खरंच मिळाले तितक्याने वाढवायची, कारण मागितलेले सगळे मिळतीलच असं नाही. आणि उत्तर -1 आलं तर मोजणीला हात लावायचा नाही, नाहीतर शेवटी एक बाइट कमी दिसतो. हे सगळं केल्यावर आकडा फाइलच्या आकाराशी तंतोतंत जुळला.

बंद करण्याबद्दल थोडक्यात. बाहेरचा फिल्टर बंद केला की 'क्लोज' आत सोपवला जातो आणि मूळ नळही बंद होतो. फाइलसाठी हे सोयीचं आहे. पण मुलं कीबोर्डच्या सिस्टिम डॉट इन वर स्कॅनर चढवतात, एका मेथडमध्ये तो बंद करतात, आणि पुढच्या मेथडमध्ये नवा स्कॅनर केला तरी काहीच वाचता येत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो, त्याचा नळ त्यांनीच बंद केलेला असतो.

घरी करून पाहण्यासाठी : 20,000 बाइटची एक फाइल घ्या. मोजणीस्ट्रीम आधी फाइलवर चढवा आणि तिच्यावर बफर्ड इनपुट स्ट्रीम. एकदाच 'रीड' म्हणून एक बाइट घ्या आणि मोजणी छापा : 8192 येईल. आता क्रम उलटा करा, फाइलवर बफर आणि त्यावर मोजणी : 1 येईल. ज्यांच्या इमारतीत गच्चीवर टाकी आहे त्यांनी मुलांना टाकीपाशी न्यावं आणि विचारावं, मीटर टाकीच्या आधी असेल तर एक तांब्या पाणी घेतल्यावर तो किती पुढे सरकेल, आणि टाकीनंतर असेल तर किती. त्यानंतर 'स्किप' ही मेथड वापरून 100 बाइट ओलांडायला सांगा. ते बाइट आपल्या मीटरमध्ये धरले जातात का, आणि धरायला हवेत का, याचं उत्तर मुलांनी कोड वाचून द्यायचं आहे.