हरिवंशाचा माग

वंशावळ म्हटली की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नावांची कंटाळवाणी यादी उभी राहते. मी सांगलीकर पटवर्धनांची वंशावळ हाती घेतली ती मात्र एका प्रश्नासाठी. रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे हे भिक्षुक कुटुंब कृष्णा-तुंगभद्रेच्या सरहद्दीवर रुजले कसे?

मूळ पुरुष हरभट. इचलकरंजीचे नारो महादेव घोरपडे यांचे ते कुलोपाध्याय. अभ्यासकाला पहिली ठेच येथेच लागते. हे घोरपडे मूळचे जोशी. सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने ते वर आले आणि कृतज्ञतेने धन्याचेच आडनाव त्यांनी लावले. म्हणजे आडनाव एक म्हणून कूळ एक, असे धरून चालत नाही.

जुन्या कागदांतील नावे मात्र मोठी उपकारक. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात हैदरावर नजर ठेवण्यासाठी पटवर्धनांना सरंजाम मिळाला, तो तीन नावांनी : गोविंद हरी, परशुराम रामचंद्र, निळकंठ त्रिंबक. नावापुढे बापाचे नाव असल्याने कळते की पहिला हरभटांचा मुलगा आणि उरलेले दोघे त्याचे पुतणे. सरदारीची किंमतही याच पानांवर दिसते. गोविंद हरींचे पुत्र पांडुरंगराव 1777 मध्ये हैदराच्या हाती सापडले व कैदेतच वारले. त्यांचे पुत्र चिंतामणराव 1801 च्या सुमारास मिरजेच्या चुलत्यांपासून, गंगाधररावांपासून, वेगळे झाले. आजच्या सांगलीचा उदय या भाऊबंदकीतून झाला आहे!

पण वंशावळ केवळ रक्ताची नोंद असते काय? मला तसे वाटत नाही. ती हक्काची नोंद असते. साताऱ्याचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज 1848 साली वारले. मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा झाले. सांगलीचे धुंडिराज 1901 मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा मात्र 1903 मध्ये दत्तक मान्य झाला व गादी टिकली. एका नावाखाली रेघ ओढायची की नाही, हे अर्धशतकाच्या अंतराने सरकारनेच ठरविले. या दत्तकाचे नावही चिंतामणराव, तेव्हा सन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कुणब्या-मराठ्यांच्या घरी दफ्तर नसते, पण आपल्या भागात हेळवी येतात. बैलावरून येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवितात व धान्य घेऊन जातात. ज्यांच्याकडे ते अजून येत असतील त्यांनी ऐकलेले उतरवून ठेवावे.

राहिल्या स्त्रिया. वाटणीच्या कागदात त्यांना जागा नाही. नारो महादेवांच्या सुनेचे, अनुबाईंचे, नाव ठळक उरले, कारण त्या बाळाजी विश्वनाथांच्या कन्या होत्या आणि इचलकरंजीचा कारभार त्यांनी स्वतः चालविला. हरभटांच्या घरच्या सुनांची नावे त्या तक्त्यात मी अजून शोधतो आहे.