दगडातले रांजण

मी इयत्ता चौथीत शिकतो. यंदा दिवाळीनंतर मी माय-बाबांसोबत ऊसतोडीला शिरूर तालुक्यात गेलो होतो. त्यामुळे वर्गात झालेला खडकांचा धडा माझा बुडाला. परत आल्यावर गुरुजी म्हणाले, "तिकडं जे पाहिलंस ते भित्तिपत्रकात लिही. तोच तुझा धडा." म्हणून लिहितो.

थंडीच्या दिवसांत एकदा कारखाना दोन दिवस बंद होता. मुकादम ट्रॅक्टर घेऊन मळगंगा देवीच्या दर्शनाला निघाले, आमची टोळीही बसली. तिथल्या नदीचे नाव कुकडी. एका काठाला टाकळी हाजी, ते पुणे जिल्ह्यात. दुसऱ्या काठाला निघोज, ते पारनेर तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. (२०२४ पूर्वी या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत.) पारनेर भाग कोरडा आहे. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, इकडे थोडेच पाणी उरते. बोडके माळ पाहून मला वाटले, वाळवंटातच आलो की काय!

नदीत उतरलो तर सगळे पात्र काळ्या खडकाचे, आणि त्यात खड्डेच खड्डे. काही वाटीएवढे, काही उखळाएवढे, काहींत तर बैलसुद्धा मावेल. तोंड अरुंद, पोट मोठे. म्हणूनच त्यांना रांजणखळगे म्हणतात. दोन खळग्यांमधली भिंत झिजून गेली की ते एक होतात, आणि मग खडकाला वेडेवाकडे आकार येतात. एक मला उंटाच्या मानेसारखा दिसला, मायला तो चुलीसारखा दिसला.

हे कुणी कोरले? माणसाने नाही. कुकडी जुन्नरकडच्या सह्याद्रीतून येते. तिकडे पाऊस झाला की कोरड्या मुलखातही पूर येतो. पुराच्या पाण्याला भोवरे पडतात. खडकातल्या लहानशा खाचेत गोटे आणि वाळू अडकते. भोवरा त्यांना गरगर फिरवतो, जात्यात दाणे फिरतात तसे. गोटे खडकाला घासतात आणि स्वतःही घासून गोल होतात. गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो. म्हणजे नुसते पाणी खडक खात नाही, दगडच दगडाला खातो. अशी हजारो वर्षे गेली. इजिप्त देशातल्या पांढऱ्या वाळवंटात हेच काम वारा आणि वाळू करतात. तिथले पांढरे खडक खालून झिजून कुत्र्याच्या छत्रीसारखे झाले आहेत.

माझे बाबा उन्हाळ्यात विहिरीच्या कामाला जातात. ते लई वेळ एका खळग्याकाठी बसून राहिले. मग म्हणले, "आपल्याकडं बी हाच काळा पाषाण. फूटभर खाली जायला सुरुंग लावावा लागतो. अन् हिथं नुसत्या गोट्यांनी!" बाबांचे बरोबर होते. हा खडक लाव्हारसाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला आणि थंड झाला. निघोजचा खडक त्यातलाच आणि आपल्या हिंगोलीचाही.

तेवढ्यात माझी धाकटी बहीण खळग्यात वाकून पाहायला गेली आणि तिचा पाय सटकला. बाबांनी तिचा झगा पकडला म्हणून वाचली. काठ घासून काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो, तिथे पाय ठरत नाही. आत पोट रुंद असल्याने चढायलाही आधार मिळत नाही. खालचे पाणी हिरवे आणि गप्प होते. मायने आम्हा दोघांना धपाटे घातले. माझी तर काही चूकच नव्हती! नंतर ती ट्रॅक्टरमध्ये बहिणीला मांडीवर घेऊन बसली ती खोपीवर येईपर्यंत तिने तिला सोडले नाही.

मी एक गोटा खिशात घातला होता. माय म्हणली, "ठिव तिथंच, देवीच्या दारचा हाय." म्हणून इथे फक्त त्याचे चित्र काढले आहे. लिंबाएवढा होता.

गावी आल्यावर मी आपल्या ओढ्यातला खडक नीट पाहिला. धुण्याच्या दगडाच्या वरच्या बाजूला एक खळगा सापडला! वाटीएवढाच आहे. त्यात तीन गोटे आणि थोडी वाळू होती. काडी घालून मोजले, खोली चार बोटे भरली. काडीवर खूण करून ती मी वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. पावसाळा संपला, ओढ्याचे पाणी उतरले की पुन्हा मोजायचे आहे. पण तोवर मी परत तोडीवर गेलो, तर माझ्याऐवजी तुमच्यापैकी कुणी मोजाल का?