गाडी तीच, सूट वेगळी!

गाडी घेताना आपण मायलेज बघतो. अमेरिकेत इलेक्ट्रिक कार घेणाऱ्यांना कॅलेंडरही बघावं लागलं! तिथे करात ७,५०० डॉलरपर्यंत सूट होती. १८ एप्रिल २०२३ पासून तिचे दोन भाग पडले. निम्मी बॅटरीतल्या खनिजांसाठी, निम्मी बॅटरीच्या सुट्या भागांसाठी. हा माल कुठून आला, यावर सूट ठरायची. टेस्लाच्या रिअर व्हील ड्राइव्ह मॉडेल ३ ला एप्रिल २०२३ मध्ये ३,७५०, जूनमध्ये ७,५०० आणि जानेवारी २०२४ मध्ये शून्य! पुढे ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी सूटच संपली. माझं मत विचाराल तर, सरकारी सूट कुठलीही असो, आधी ती शून्य धरून गाडी परवडते का ते पाहा. मिळालीच तर बोनस!