ताप उतरला तरी दुसरा आठवडा जपायचा तो का?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत अजूनही हा प्रश्न निघतो. कोरोनात ताप उतरलेल्या माणसाला आठव्या-दहाव्या दिवशी एकदम धाप का लागायची? 2020 च्या मे-जूनमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर होता. ती भीती यावलच्या बायांना सांगायला नको. कारण मात्र समजून घेऊ.

विषाणू नाका-घशातल्या पेशींत शिरतो आणि तिथं वाढतो. त्या पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप येतो, अंग दुखतं. हा ताप आपलंच शरीर आणतं, लढण्यासाठी. खास कोरोनावरची तयारी व्हायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. मग टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारतात आणि अँटीबॉडी विषाणूला चिकटून त्याची वाट अडवतात.

बहुतेकांचं इथंच भागतं. काहींचं, त्यातही म्हाताऱ्या माणसांचं आणि शुगर असलेल्यांचं शरीर लढाई थांबवतच नाही. विषाणू कमी होत असतो, पण फुप्फुसाला सूज येते, पाणी भरतं, रक्तात ऑक्सिजन पोचत नाही. कधी तर धाप न लागताच ऑक्सिजन उतरतो. म्हणून तर सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर आल्या. आकडा 94 च्या खाली गेला, की थेट दवाखाना.

ही सूज डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आवरतं. इंग्लंडमधल्या अभ्यासात जून 2020 मध्ये दिसलं, की ऑक्सिजन लागलेल्यांचे मृत्यू त्यानं कमी झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा झाला नाही. पहिल्याच दिवशी मेडिकलवरून आणून घेतलं, तर लढणाऱ्या पेशीच दबतात, शुगरही वाढते. 2021 मधल्या म्युकरमागे हेही एक कारण होतं.

काढा प्या, घशाला बरं वाटतं. पण काढ्यानं अँटीबॉडी तयार होत नाहीत. ते काम लस करते. पुण्यात बनलेल्या कोविशिल्डनं शरीराला विषाणूच्या काट्याची ओळख आधीच करून दिली. रक्तातल्या अँटीबॉडी काही महिन्यांत कमी होतात, त्यामुळे लस घेऊनही कोरोना होतो. ओळख ठेवणाऱ्या पेशी मात्र जास्त काळ टिकतात आणि पुढच्या वेळी तयारी लवकर होते. लस घेतलेल्या बहुतेकींचं दुखणं म्हणूनच घरच्या घरी निभावलं.