दाण्याला मोड येतो कसा? शेतात तोटा, घरात फायदा



ऐन कापणीच्या वेळी परतीचा पाऊस चार दिवस ठाण मांडून बसला, की आडव्या झालेल्या भाताच्या लोंब्यांना शेतातच मोड येतात. वर्षाचे कष्ट डोळ्यांदेखत वाया जातात. तेच मोड घरच्या बाईने नाचण्याला मुद्दाम आणले, तर बाळाच्या अंगी लागणारी पेज तयार होते. क्रिया एकच, पण एकीकडे नुकसान आणि दुसरीकडे लाभ. असे का होते, ते या पाठात आपण पाहू.

दाण्याचे तीन भाग

भात, गहू, नाचणा, जोंधळा, कोणताही दाणा घ्या. त्याच्या एका टोकाला इवलासा गर्भ असतो. यातूनच पुढे रोप होते. उरलेला मोठा पांढरा भाग म्हणजे पिठाचा साठा, म्हणजे गर्भाची शिदोरी. या साठ्याभोवती जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला अल्यूरॉन म्हणतात. गव्हात तो एका पेशीइतका, तर बार्लीत साधारण तीन पेशींइतका जाड असतो. तांदूळ फार पांढरा सडला की हाच थर कोंड्यात जातो आणि त्याबरोबर ब-1 जीवनसत्त्वही जाते.

गर्भाला पीठ जसेच्या तसे खाता येत नाही. त्याची साखर व्हावी लागते. हे काम अल्फा-अमायलेज नावाचे एन्झाइम करते. एन्झाइम हे एक प्रथिनच आहे. कोरड्या दाण्यात ते जवळजवळ नसते, ते नव्याने तयार करावे लागते.

निरोप कोण पाठवतो?

दाणा भिजला की गर्भ जागा होतो आणि जिबरेलिन नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतो. हा निरोप अल्यूरॉन थराला पोचला की तेथील पेशी अमायलेज बनवून पिठात सोडू लागतात. 1960 साली जपानमध्ये योमो व ऑस्ट्रेलियात पालेग या संशोधकांनी हे स्वतंत्रपणे दाखवून दिले. बार्लीच्या दाण्याचा गर्भाकडचा अर्धा भाग कापून टाकला, तर उरलेल्या अर्ध्यात पीठ विरघळत नाही. त्याच अर्ध्याला बाहेरून जिबरेलिन दिले, की विरघळू लागते. 1967 साली अमेरिकेत फिलनर व वार्नर यांनी सिद्ध केले की हे एन्झाइम आधीपासून साठवलेले नसून खरोखरच नव्याने घडते.

या कामाला लगामही आहे. दाणा पिकताना अ‍ॅबसिसिक आम्ल हे दुसरे संप्रेरक त्यात जमते आणि अमायलेज बनू देत नाही. म्हणूनच काही जातींचे ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला काही आठवडे विश्रांती लागते. ज्या जातीत हा लगाम सैल असतो, तिचे दाणे ओल मिळताच लोंबीतच मोडावतात.

कॅथॉलिक म्हणून आपल्याला कौतुक वाटावे अशी एक गोष्ट येथे सांगतो. ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी मठाच्या बागेत उंच व बुटक्या वाटाण्यांचे प्रयोग केले आणि 1866 साली ते प्रसिद्ध केले. त्या बुटकेपणाचे कारण 1997 साली उमगले. बुटक्या झाडात कामाचे जिबरेलिन पुरेसे तयार होत नाही. 1966 साली आलेला आय.आर.-8 हा बुटका भातही जिबरेलिनच्या कमतरतेमुळेच बुटका आहे, हे 2002 मध्ये कळले.

शेतात काय करावे?

1. लोंबी पिकली की कापणी लांबवू नये. पावसाची चिन्हे असतील तर तयार झालेले शेत आधी कापावे.
2. कापलेले भात ओल्या जमिनीवर पसरून ठेवू नये. बांधावर किंवा उंचवट्यावर, हवा लागेल असे ठेवावे.
3. मोडावलेले भात बियाण्यात मिसळू नये. एकदा फुटलेला कोंब वाळून मेला, की तो दाणा बहुधा पुन्हा उगवत नाही.
4. बियाणे व साठ्याचे धान्य दाताखाली कट्‌कन फुटेल इतके वाळवावे.
5. बुरशी आलेले धान्य माणसांना, गुरांना वा कोंबड्यांना घालू नये.
6. बी विकत घेताना कोणत्या जातीला लोंबीत मोड लवकर येतात, हे कृषी अधिकाऱ्यांना अवश्य विचारावे.

घरात काय करावे?

बाळाची पेज दाट केली तर त्याला गिळवत नाही, पातळ केली तर पोषण पुरत नाही. मोड आलेल्या धान्याचे पीठ येथे कामी येते. त्यातील अमायलेज दाट पेज सैल करते आणि पाणी न वाढवता प्रत्येक घासात जास्त अन्न जाते. 1980च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व सहकाऱ्यांनी अशा पिठावर अभ्यास केला.

नाचणा निवडून धुवावा, रात्रभर भिजवावा, ओल्या स्वच्छ फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवावा. बारीक मोड आले की उन्हात कडक वाळवावा, मोड चोळून पाखडावे, मंद आचेवर किंचित भाजून दळावे. फार भाजल्यास एन्झाइम नष्ट होते. पेज दाट शिजवून खाली उतरवावी, थोडी निवल्यावर चमचाभर हे पीठ घालून ढवळावे. पेज सैल झाली की पुन्हा एक उकळी आणावी, म्हणजे जंतू मरतात. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाच ही पेज द्यावी व आईचे दूध चालू ठेवावे.

दोन इशारे. औषध चोळलेले बियाणे खाण्यासाठी कधीही वापरू नये. आणि या कामाला जोंधळा घेऊ नये. कोवळा जोंधळा खाऊन गुरे दगावतात ते आपण जाणतो. तेच विष त्याच्या मोडातही असते.

योहानाच्या शुभवर्तमानात (12:24) प्रभूने गव्हाच्या दाण्याचा दाखला दिला आहे. दाणा आपली सारी शिदोरी कोंबासाठी रिती करतो, हे आता आपल्याला थोडे अधिक उमगले. तो कोंब कोठे फुटू द्यायचा आणि कोठे नाही, एवढे आपल्या हाती आहे. या कापणीला ते ध्यानात ठेवू या.