मागे राहिला तो भुऱ्या

राणी गेली तेव्हा शेजारपाजारचे, नात्यातले असे बरेच जण आम्हाला भेटून गेले. भुऱ्याची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही. त्यात त्यांची चूक नाही म्हणा, पण दिवसाचे चोवीस तास तिच्यासोबत काढणारा तोच होता. राणी आमची गावठी कुत्री, वय झालेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. भुऱ्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी सापडलेलं पिल्लू, तिच्याच पोटाशी झोपून मोठा झालेला. ती गेल्यावर त्याला सांभाळताना जे उमगलं ते लिहिते आहे. दोनांतलं एक कुत्रं गेलेली घरं पुण्यात तरी कमी नाहीत.

१. आधी डॉक्टर, मग दुःख.

जेवत नाही, मरगळलाय, कोपरा धरून बसलाय. लोक म्हणतात, ‘जोडीदार गेला ना, मनाला लावून घेतलंय त्याने.’ असेलही. पण हीच लक्षणं गोचीडतापाचीही आहेत, आणि आपल्याकडे गोचिडांना काही तोटा नाही. त्याचा ओठ वर करून हिरड्या बघा. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढरट किंवा पिवळट दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गेलेलं कुत्रं पार्वो, डिस्टेंपर किंवा लेप्टोसारख्या संसर्गाने गेलं असेल, तर मागे राहिलेल्याला काही होत नसलं तरी दाखवून आणा. लेप्टो तर माणसालाही होतो. अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामोल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका, कुत्र्याच्या ती जिवावर बेतू शकते. भुऱ्याचे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा कुठे आम्ही त्याच्या मनाचा विचार करायला मोकळे झालो.

२. त्याचं नक्की काय गेलंय, ते बघा.

राणी घरातली थोरली. बेल वाजली की आधी ती भुंकायची, तिच्यामागून हा. दार कुणासाठी उघडायचं, कुणावर गुरगुरायचं, फटाक्यांना किती घाबरायचं, सगळं ती ठरवायची. ती गेल्यावर कुरिअरवाला आला, बेल वाजली. भुऱ्या ताडकन उठला, कान टवकारले, मान वळवून राणीच्या गोणपाटाकडे बघितलं आणि तिथून काहीच आलं नाही तसा पुन्हा खाली बसला. भुंकलाच नाही. पुढे कितीतरी दिवस हेच. कुकरची शिट्टी झाली की दोघं ओट्याशी यायची. आता हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथेच उभा राहायचा. त्याला आठवण येत होती का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एकट्याने कुत्रं म्हणून कसं जगायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, एवढं स्वच्छ दिसत होतं.

इटलीतल्या संशोधकांनी २०२२ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये चारशेहून अधिक श्वानपालकांची पाहणी प्रसिद्ध केली. दोनांतलं एक गेल्यावर दुसऱ्याचं वागणं बदललं, असं त्यातल्या ८६ टक्के लोकांनी सांगितलं: खेळणं कमी, झोप जास्त, खाणं कमी, आणि सारखं माणसाच्या मागे मागे. दोघं किती वर्षं एकत्र राहिली यापेक्षा त्यांचं आपसात कसं होतं, याला जास्त महत्त्व होतं. हे सगळं मालकांच्या तोंडून आलेलं आहे आणि आपलं दुःख कुत्र्याच्या डोळ्यांत वाचायची खोड आपल्या सगळ्यांना असते. तरीही आमच्या घरी जे दिसलं त्याच्याशी ते पुष्कळ जुळतं.

३. वेळा मोडू नका.

घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं, सगळ्यांच्याच वेळा कोलमडतात. त्याची सकाळची फेरी आणि संध्याकाळचं जेवण मात्र ठरल्या वेळेलाच. एवढंच.

४. लाडाने पोट भरत नाही.

खात नाही म्हटल्यावर प्रत्येकाला मायेचा उमाळा येतो. कुणी दूधपोळी पुढे करतं, कुणी मटणाच्या रश्श्यातला तुकडा, कुणी शिऱ्याचा घास. रश्श्यात कांदा असतो, आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिवाय तिसऱ्या दिवशी हे महाशय रश्श्याशिवाय भांड्याला तोंड लावत नाहीत, ते वेगळंच. नेहमीचंच जेवण जरा कोमट करून द्या, म्हणजे वास उठतो. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर न बोलता उचला आणि पुढच्या वेळेला ठेवा. मोठ्या कुत्र्याने अख्खा दिवस उलटूनही काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. पाणी सोडलं, तर दिवसही थांबू नका.

५. गोणपाट धुण्याची घाई नको.

आवराआवर केली की आपल्याला बरं वाटतं. त्याचं जग नाकावर चालतं, आणि वास एका दिवसात पुसला की त्याची शोधाशोध वाढते, असं माझं मत. राणीचं गोणपाट आम्ही तसंच ठेवलं. भुऱ्या आधी नुसता हुंगायचा, मग कडेला बसायला लागला, आणि एके दुपारी मधोमध पसरून घोरत होता. त्यानंतर धुतलं. एखादं कुत्रं मात्र अशा अंथरुणाजवळून हलत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. तिथे ते उचललेलंच बरं.

६. वाट बदला.

फिरायला राणी पुढे, हा तिच्या शेपटीमागे. ती गेल्यावर सोसायटीच्या गेटपर्यंत यायचा आणि पाय रोवून उभा. वॉचमनकाका म्हणाले, ‘ताई, ओढू नका, तो तिची वाट बघतोय.’ ओढून उपयोग नव्हताच. मग आम्ही मागच्या गेटने, ओढ्याकाठच्या वाटेने निघालो. तिथे राणी कधी गेलेलीच नव्हती, त्यामुळे कुणाच्या मागे जायचं हा प्रश्नही नव्हता. पट्टा सैल सोडला. एकेका झुडपाशी थांबून तो मनसोक्त हुंगायचा, आम्ही उभे. अंतर अर्धंही होत नसे, पण परत आल्यावर भांडं चाटूनपुसून साफ व्हायचं.

७. रडायचं असेल तर रडा.

त्याच्यापासून लपवायची गरज नाही, लपतही नाही. त्याच इटालियन पाहणीत मालकाचं दुःख जितकं मोठं, तितका कुत्र्यावरचा परिणाम जास्त दिसला होता. फक्त त्याच्या गळ्यात पडून रोज तासभर रडू नका. आणि रात्री तो कण्हायला लागला की लगेच धावून जाऊन कुरवाळायची सवय लावू नका. शांत बसलेला असेल तेव्हा जवळ जाऊन बसा, पाठीवर हात ठेवा.

८. ‘जोडीला दुसरं आणा की!’

हा सल्ला पहिल्याच आठवड्यात मिळतो, आणि देणाऱ्याला पुढे शी-शू काढायची नसते. म्हाताऱ्या, खचलेल्या कुत्र्याच्या अंगावर दीड-दोन महिन्यांचं वांड पिल्लू सोडणं म्हणजे त्याला छळणं आहे. त्यातून आधीचं पार्वोने गेलं असेल तर तो विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू तिथे आणूच नका. दुसरं आणायचं तर तुम्हाला हवंय म्हणून आणा, पहिल्याचं औषध म्हणून नको. दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवा. आम्ही आणलं नाही. भुऱ्या आता एकटाच आहे, आणि कुरिअरवाल्यावर जोरात भुंकतो.

९. दोघं असतानाच करायची गोष्ट.

तुमच्याकडे आज दोन कुत्री असतील तर त्यांना अधूनमधून वेगवेगळं फिरवा. एकाला बाहेर नेताना दुसऱ्याला थोडा वेळ घरी एकटं राहू द्या. दोघांची भांडी थोडी लांब ठेवा, डॉक्टरकडे एकेकटं न्या. सुरुवातीला मागे राहिलेलं दार ओरबाडेल, हळूहळू सवय होईल. उद्यापासून करतो म्हणू नका, आज संध्याकाळच्या फेरीला एकालाच न्या.