पाच हजार विहिरी, एक नकाशा

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या 5,000 विहिरी वेबसाइटवर नकाशात दाखवायच्या आहेत. त्यासाठी लीफलेट ही लायब्ररी घ्यावी की मॅपलिब्रे?

उत्तर : एवढ्याला लीफलेट पुरतं. फक्त प्रत्येक विहिरीला साधा मार्कर लावू नका, स्वस्तातला मोबाइल रखडेल. सर्कलमार्कर घ्या आणि ‘प्रेफरकॅनव्हास’ चालू करा. नकाशा तिरका करायचा, फिरवायचा असेल तरच मॅपलिब्रे. मॅपबॉक्स कंपनीने 2020 च्या अखेरीस आपल्या नकाशा-लायब्ररीचा परवाना बदलला, तेव्हा तिच्यातून निघालेली ही मुक्त शाखा. हमखास घोळ होतो तो अक्षांश-रेखांशात. जिओजेसन फाइलमध्ये रेखांश आधी, लीफलेटच्या मार्करला अक्षांश आधी. उलटंपालटं झालं, की पुण्याच्या विहिरी थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! कोणती विहीर कोणत्या कालव्याशी जोडलेली, हे जाळं दाखवायचं तर मात्र सायटोस्केप ही जाळी रेखाटणारी लायब्ररी वापरा. ते काम नकाशाच्या लायब्ररीचं नव्हे.